नवतपा आणि आमरी

मृगाच्या एक-दोन सरी पडल्या की नागपूरच्या गल्ल्यांमधून झाडांच्या हातगाड्या फिरायला लागतात. मोगरा, जास्वंद, कण्हेर, काळ्या पिशवीतला गुलाब. फाटकाशी उभं राहून घासाघीस होते, संध्याकाळी झाड कुंडीत जातं आणि पुढचे तीन महिने पाऊसच त्याचं बघतो. झाड घेण्याचा हा मुहूर्त कुठल्या पंचांगात लिहिलेला नाही. इथल्या हवेनेच तो घालून दिला आहे. ऑनलाइन बाजाराला मात्र असले मुहूर्त ठाऊक नाहीत. तिथे ऑर्किड बाराही महिने मिळतं. एप्रिलच्या रात्री, कूलरच्या घरघरीत पडल्या पडल्या, मोबाइलवर जांभळ्या फुलांचा तुरा दिसतो. बोट पडतं, पैसे जातात आणि आठवड्याभराने, पारा ४४ वर असताना, कुरिअरवाला दारात खोकं ठेवून निघून जातो.

त्या खोक्यातून काय निघतं आणि निघालेलं किती दिवस टिकतं, हा या लेखाचा विषय. सुरुवातीलाच सांगून टाकतो: नागपुरात ऑर्किड जगणार की नाही, याचा निम्म्याहून अधिक निकाल मागणी नोंदवतानाच लागलेला असतो. जात कुठली, ती कुठल्या गावात वाढली आणि महिना कुठला, या तीन गोष्टी चुकल्या की नंतर कितीही सेवा केली तरी ती वाया जाते. या तीन जमल्या, तर हे झाड जितकं नाजूक म्हणून बदनाम आहे तितकं ते नाही, हे पहिल्याच वर्षात कळतं.

सात ओझी आणि तीनशे पौंड

लांबून ऑर्किड मागवण्याचा आणि वाटेत ते मरण्याचा इतिहास मोबाइलपेक्षा फार जुना आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ डाल्टन हूकर १८५० साली खासी टेकड्यांमध्ये होता. तिथल्या ओकच्या झाडांवर निळी वांडा भरभरून फुललेली त्याने पाहिली. लंडनच्या क्यू उद्यानासाठी त्याने सात माणसांना पुरतील इतकी ओझी गोळा केली. १८५४ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात तो प्रामाणिकपणे नमूद करतो की त्यातली फारच थोडी रोपं इंग्लंडला जिवंत पोचली. त्याच सुमाराला दुसऱ्या एका गृहस्थाने माळी पाठवून एका माणसाचं ओझं विक्रीसाठी रवाना केलं. तेही अगदी वाईट अवस्थेत पोचलं, तरी त्याचे ३०० पौंड आले. एकेक रोप तीन ते दहा पौंडांना गेलं. मेलेल्या मालाचा तोटा जगलेल्या मालाच्या किमतीतून भरून निघत होता आणि खासीचं जंगल मात्र ओरबाडलं जात होतं.

हा व्यापार जंगलातून प्रयोगशाळेत आला तो विसाव्या शतकात. ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं. एका शेंगेत ते लाखोंनी भरतं, पण बाळअंकुराला पुरेल अशी शिदोरी त्यात नसते. ती पुरवते एक बुरशी. फ्रान्सच्या नोएल बर्नार्डने हे नातं १८९९ साली शोधलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात लुईस नडसनने १९२२ साली दाखवून दिलं, की बुरशी नसली तरी साखर आणि क्षार घातलेल्या जेलीवर बाटलीत हे बी रुजतं. १९६० साली फ्रान्सच्याच जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकाच्या इवल्याशा तुकड्यापासून एकाच झाडाची हुबेहूब हजारो रोपं करण्याची वाट मोकळी केली. आज तैवानच्या, हॉलंडच्या, थायलंडच्या आणि आपल्या पुण्याच्या हरितगृहांतून निघणारी फॅलेनॉप्सिस आणि डेन्ड्रोबियमची रोपं याच दोन शोधांची फळं. एकेकाळी लॉर्डांनी लिलावात बोली लावून घेतलेली वस्तू आज तीन-चारशे रुपयांत महाल-इतवारीतल्या घरात येते, ती त्यामुळेच.

वाटेत मरण्याचा धोका मात्र अजून संपलेला नाही. हूकरच्या वेळी समुद्राचे महिने होते, आता कुरिअरच्या गोदामातले दोन दिवस आहेत.

पारा, दमटपणा आणि आपलं शहर

नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटरवर आहे आणि समुद्र कुठल्याच बाजूला जवळ नाही. मेमध्ये ४५ अंश ही इथे बातमी होत नाही. ३० मे २०२४ रोजी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले तेव्हा देशभर गहजब झाला. यंत्रातला सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने नंतर स्पष्ट केलं. पण ५६ चा आकडा लोकांनी क्षणभर खरा मानला, यातच इथल्या उन्हाळ्याची कीर्ती आली. दुसऱ्या टोकाला, डिसेंबर २०१८ च्या अखेरीस पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता.

ऑर्किडला खरा त्रास होतो तो कोरडेपणाचा. मेच्या दुपारी इथल्या हवेतली सापेक्ष आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. आपले कूलर इतके छान चालतात ते त्यामुळेच: कोरडी हवा पाणी झपाट्याने पिते आणि गार होते. बहुतेक ऑर्किडांना ५० ते ७० टक्के आर्द्रता हवी असते. कूलरची ताटी ज्या हवेत तासाभरात सुकते, त्या हवेत झाडावर उघड्या लटकणाऱ्या मुळांचं काय होत असेल, हे वेगळं सांगायला नको.

आणि जुलै उजाडला की चित्र पालटतं. कूलर बिनकामाचा ठरतो, कपडे वाळत नाहीत, आणि उन्हाळ्यात तहानेने कासावीस झालेलं तेच झाड आता कुजून मरायला तयार असतं. शिवाय नागपूरची घरं बदलली आहेत. धरमपेठेतल्या जुन्या बंगल्याला अंगण असे आणि त्यात आंब्याची सावली असे. मनीषनगर-बेस्याकडच्या फ्लॅटला मिळते ती चार फुटांची गॅलरी, आणि ती पश्चिमेची निघाली तर दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत तिची भट्टी होते.

विदर्भाची स्वतःची आमरी

इतकं असूनही नागपूर ही ऑर्किडची जागाच नाही, असं म्हणायला आपला परिसरच आडवा येतो. भारतात ऑर्किडच्या सुमारे साडेबाराशे जाती नोंदल्या आहेत. अरुणाचल आणि सिक्कीम यात सर्वांत पुढे, पण महाराष्ट्रही रिकामा नाही. फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ आणि झेड. कापडिया यांनी १९६६ साली ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथच लिहिला. कोकणात आणि सह्याद्रीत लोक ऑर्किडला आमरी म्हणतात. ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा ही गुलाबी ठिपक्यांची, लांब लोंबणारी आमरी तिथे पावसाच्या तोंडावर फुलते. तीच आसामात ‘कोपौ फूल’ होऊन बिहूच्या नाचात मुलींच्या अंबाड्यावर दिसते.

आपल्या पानगळीच्या जंगलात जमिनीतल्या हॅबेनारिया आणि युलोफिया आहेत. त्या कंदाच्या रूपात उन्हाळा मातीखाली काढतात आणि पावसात वर येतात. पण विदर्भाची खरी मानकरी आहे वांडा टेसेलाटा. आंब्याच्या, मोहाच्या जुन्या खोडावर ती चिकटलेली असते. चामड्यासारखी जाड, मधोमध घडी पडलेली पाने, बोटाएवढी जाड पांढुरकी मुळं. फूल पिवळट-तपकिरी, त्यावर चौकड्यांची नक्षी आणि ओठ निळसर-जांभळा. वास मंद गोड. रॉबर्ट ब्राऊनने १८२० साली वांडा ही प्रजाती शास्त्रीयदृष्ट्या पक्की केली ती याच जातीच्या आधारावर. बँकॉकहून येणाऱ्या झगमगीत संकरित वांडांची ही थोरली बहीण. आयुर्वेदात काही भागांत रास्ना म्हणून हिचीच मुळं वापरतात. आणि ती फुलते केव्हा? ऐन उन्हाळ्यात.

गावाकडे पुष्कळ जण तिला बांडगूळ समजून झाडावरून ओरबाडून काढतात. बांडगूळ यजमान झाडाच्या सालीत मुळं घुसवून त्याचा रस पितं. आमरी फक्त टेकून राहते. पाणी घेते पावसाचं आणि दवाचं, खत घेते सालीच्या भेगांत साठलेल्या पालापाचोळ्याचं. शिवाय तिने एक खर्च वाचवला आहे. सर्वसाधारण झाडं दिवसा पानांची रंध्रं उघडतात आणि त्यातून पाणी उडून जातं. वांडा, फॅलेनॉप्सिस आणि जाड पानांची डेन्ड्रोबियम दिवसा रंध्रं मिटून घेतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा त्यावर काम चालवतात. म्हणून त्यांना दुपारच्या उन्हापेक्षा गरम रात्र जास्त जाचते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, मध्यरात्रीही भिंती धग सोडत असतात, तेव्हा झाडाची हीच वेळ कामाची असते. रात्री गॅलरीत हवा खेळती ठेवणं म्हणूनच महत्त्वाचं.

या आमरीकडून शिकायचं ते एवढंच: मुळांना माती नको, वारा हवा, पाणी यावं आणि निघून जावं, भर उन्हात पानांवर पानांचीच सावली असावी. तिला झाडावरून काढून घरी आणायचं मात्र नाही. त्याचं कारण पुढे येतं.

काय मागवावं, काय नाही

पहिल्यांदाच घेणाऱ्याने डेन्ड्रोबियमपासून सुरुवात करावी. बर्डीच्या फुलबाजारात लग्नसराईला जांभळ्या-पांढऱ्या काड्यांच्या जुड्या येतात, त्या ‘सोनिया’ या डेन्ड्रोबियमच्याच. हा गट उष्ण देशांतला आहे. ३५-३८ अंशांपर्यंत कुरकुर करत नाही आणि वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलतो. थंडीत रात्रीचा पारा १२ च्या खाली गेला तर पानं गाळतो, पण काड्या हिरव्या असतील तर मेलेला नसतो.

दुसरी निवड फॅलेनॉप्सिस. भेट म्हणून दिवाळीत देतात ते हेच: दोन-तीन महिने टिकणाऱ्या, फुलपाखरासारख्या फुलांचं. घरातल्या उजेडावर भागणारं म्हणून फ्लॅटला सोयीचं. याला फुलाची दांडी फुटते ती रात्रीच्या गारव्याने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या रात्री २० अंशांखाली उतरतात तेव्हा खिडकीपाशी ठेवलेलं फॅलेनॉप्सिस आपसूक दांडी काढतं. चेन्नई-मुंबईच्या माणसाला यासाठी एसी लावावा लागतो. १५ अंशांखाली मात्र ते आत घ्यावं.

तिसरी, थोडा हात बसल्यावर, संकरित वांडा आणि मोकारा. त्यांची मुळं उघडी लटकतात, म्हणून पावसाळ्यात त्या रंगात येतात आणि मेमध्ये रोज दोनदा हात फिरवून घेतात. कामावर जाणाऱ्या माणसाने हा संसार मांडू नये.

घेऊ नये ते सिंबिडियम. कॅलिम्पाँगच्या विक्रेत्यांकडे याचे फोटो सर्वांत देखणे असतात. कॅलिम्पाँग साडेबाराशे मीटर उंचीवर आहे आणि तिथला उन्हाळा आपल्या फेब्रुवारीसारखा. सिंबिडियमला फुलण्यासाठी उन्हाळ्याच्या अखेरीपासूनच गार रात्री लागतात. नागपुरात ते कसंबसं जगतं, पात्या काढतं आणि फुलत नाही. सिक्कीममधल्या पाक्योंगला १९९६ पासून चालणाऱ्या राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्राने सिंबिडियमवर इतकं काम केलं, ते तिथल्या हवेला ते मानवतं म्हणून. लेडीज स्लिपर, मास्डेव्हालिया यांचंही तेच. यात विक्रेत्याने फसवलेलं नसतं. त्याच्याकडे ते खरंच तसं फुललेलं असतं.

त्याच न्यायाने, शक्य असेल तर केरळच्या किंवा पुण्याच्या बाजूला वाढलेलं रोप घ्यावं. उष्ण हवेत वाढलेल्या रोपाला आपल्याकडे रुळायला कमी दिवस लागतात.

जाहिरात वाचायची कशी

ऑर्किडच्या जाहिरातीत फोटो असतो फुलाचा आणि येतं ते पान. म्हणून फोटोखालच्या ओळी वाचायच्या. ‘सीडलिंग’ लिहिलं असेल तर फुलाला दोन ते पाच वर्षं धरून चाला. वांडाला त्याहूनही जास्त. ‘एनबीएस’ म्हणजे वर्षा-दीड वर्षात फुलू शकेल असं, आणि ‘बीएस’ म्हणजे फुलण्याच्या वयाचं. तिन्हींत पैशाचा फरक मोठा असतो. नवख्याने जास्तीचे पैसे मोजून फुलण्याच्या वयाचंच घ्यावं, कारण मोठ्या रोपात प्रवास सोसण्याची ताकद असते. ‘बेअररूट’ म्हणजे कुंडीविना, उघड्या मुळांचं. त्यात वाईट काही नाही. उलट मुळं कशी आहेत ते लगेच दिसतं.

तीन गोष्टी दिसल्या की पान बंद करावं. पहिली, ऑर्किडच्या बियांची पाकिटं. नडसनची बाटली घरी नसेल तर ऑर्किडचं बी रुजत नाही. पाकिटातून गवत निघालं तरी नशीब. दुसरी, शाईसारखं निळंभोर फॅलेनॉप्सिस. त्याच्या दांडीत रंग सोडलेला असतो. पुढचा बहर पांढरा येतो. तिसरी, ‘जंगली’, ‘दुर्मीळ’, ‘झाडावरून काढलेली’ अशी बिरुदं. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत निळी वांडा, लाल वांडा आणि सगळ्या लेडीज स्लिपर आहेत. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात तर सबंध ऑर्किड कुळ आहे. थायलंडच्या विक्रेत्याकडून परस्पर मागवायचं तर तिथला साइट्सचा परवाना, रोगमुक्तीचा दाखला आणि आपल्याकडचा २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसारचा आयात परवाना, हे सगळं लागतं. ‘आम्ही साध्या पाकिटात पाठवू’ म्हणणारा तुम्हाला गुन्ह्यात ओढत असतो.

राहिला प्रश्न मेलेल्या रोपाचा. २०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांप्रमाणे सदोष किंवा जाहिरातीशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. विक्रीच्या व्यासपीठाने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. हौसेपोटी मोबाइलवरच्या समूहांवर अधूनमधून रोपं विकणाऱ्या माणसाला मात्र हे नियम लागू होत नाहीत; तिथे त्याचा शब्द हीच हमी. बरेच विक्रेते खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ मागतात. तो काढायचाच. सील दिसलं पाहिजे, नावाची चिठ्ठी दिसली पाहिजे, मधे थांबवायचं नाही. आणि मागणी नोंदवण्याआधी विक्रेत्याला एक प्रश्न विचारायचा: सोमवारी पाठवाल का? शुक्रवारी निघालेलं पार्सल रविवारी कुठल्यातरी गोदामाच्या पत्र्याखाली पडून राहतं.

खोकं उघडल्यावर

खोक्यावर ‘जिवंत रोप, ही बाजू वर’ लिहिलेलं असतं आणि बहुधा तीच बाजू खाली आलेली असते. आत वर्तमानपत्राची गुंडाळी: कॅलिम्पाँगची असेल तर नेपाळी, केरळची असेल तर मल्याळम. त्यात मुळांभोवती ओलसर शेवाळ आणि वर दोरा. कात्रीने दोरा कापला की आधी वास घ्यावा. ओल्या पाचोळ्याचा वास आला तर ठीक. आंबूस, सडका आला तर कुठेतरी कूज आहे.

मग मुळं बघायची. ऑर्किडचं निरोगी मूळ कोरडं असताना चांदीसारखं पांढरं असतं. त्याच्यावर स्पंजासारख्या मृत पेशींचा थर असतो. बादलीत साधं पाणी घेऊन मुळं त्यात सोडली की तो थर पाणी शोषतो, पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग वर येतो. डोळ्यांदेखत, मिनिटाभरात, पांढरं मूळ हिरवं होतं. जे मूळ हिरवं होत नाही, दाबल्यावर पोकळ लागतं आणि साल ओढली की मधला दोरा तेवढा हातात राहतो, ते मेलेलं. ते कात्रीने काढायचं, पण कात्री आधी गॅसच्या ज्योतीवर धरून घ्यायची. ऑर्किडमधले विषाणू एका झाडाच्या रसातून दुसऱ्यात जातात आणि त्यांना औषध नाही.

अर्धा तास पाण्यात ठेवल्यावर रोप बाहेर काढून पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत निथळू द्यावं. कापलेल्या जागांसाठी कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब यांचं मिश्रण असलेली बुरशीनाशकाची भुकटी कृषी केंद्रात मिळते. लिटरला दोन ग्रॅम, हातमोजे घालून. पानांच्या बेचक्यात पाणी साठलं असेल तर कागदाच्या टोकाने टिपून घ्यावं, नाहीतर गाभा कुजतो.

कुंडीची घाई करू नये. आणि कुंडी घेताना ‘झाड वाढेल’ म्हणून मोठी घेऊ नये. मुळं जेमतेम मावतील एवढी, बाजूंनाही भोकं असलेली मातीची कुंडी किंवा सागवानी पट्ट्यांची चौकट. भरायला माती अजिबात नाही. लोणारी कोळशाचे आणि विटेचे तुकडे दोन वाटे, नारळाच्या शेंडीचे तुकडे एक वाटा, आणि ते तुकडे दोन दिवस पाणी बदलत भिजवलेले, म्हणजे त्यातला क्षार निघून जातो. नुसती शेंडी भरली तर उन्हाळा चांगला जातो आणि पावसाळ्यात कूज लागते. नुसता कोळसा भरला तर उलट. रोप हललं की नव्या मुळाचं टोक मोडतं, म्हणून ते काडीला बांधून घट्ट उभं करावं. पहिले पंधरा दिवस खत नाही, ऊन नाही, आणि घरातल्या इतर झाडांपासून वेगळं. पानाच्या मागे मिलीबग किंवा खवले कीड असेल तर ती या पंधरा दिवसांत दिसतेच.

आलेलं रोप फुलांसकट असेल आणि चार दिवसांत फुलं गळली, तर घाबरायचं कारण नाही. अंधाऱ्या खोक्यातल्या प्रवासाने कळ्या-फुलं गळतात. झाड ठीक आहे की नाही ते मुळं सांगतात.

नागपुरी वर्ष

ऑर्किडचं इथलं वर्ष पावसापासून सुरू होतं. जून-अखेर ते सप्टेंबर ही वाढीची वेळ. नवी काडी, नवी पानं, नवी मुळं याच दिवसांत. पाण्यात विरघळणारं १९:१९:१९ खत लिटरला एक ग्रॅमपेक्षा कमीच, आठवड्यातून एकदा, ओल्या मुळांवर. झड लागली की छपराखाली घ्यावं. रात्री टॉर्च घेऊन गोगलगायी वेचाव्यात. मुळाचं कोवळं टोक त्यांना फार आवडतं.

ऑक्टोबरपासून पाणी कमी. ज्यांच्या घरी संत्र्याची बाग आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. बहर धरायचा तर झाडाला ताण द्यावा लागतो, पाणी तोडावं लागतं, तेव्हा ते फुलावर येतं. नोबिले गटातल्या डेन्ड्रोबियमचा हिशेब अगदी तोच आहे. थंडीत खत बंद, पाणी नावापुरतं, रात्रीचा गारवा. काडीच्या प्रत्येक पेरावर कळी फुटेपर्यंत हात आवरायचा. माया करून पाणी घातलं तर त्या डोळ्यातून फुलाऐवजी पिल्लू निघतं.

मार्चमध्ये जागा बदलायची. पश्चिमेची गॅलरी सोडून पूर्वेला, सकाळचं आठ-नऊपर्यंतचं ऊन पुरे. गच्चीवर असेल तर ७५ टक्क्यांची हिरवी जाळी. कोळी किडीचे लालसर ठिपके याच दिवसांत पानामागे येतात. पानांच्या खालून पाण्याचा फवारा हा त्यावरचा पहिला उपाय.

एप्रिल-मेमध्ये कूलर हा ऑर्किडचा मित्र. त्याची ओली हवा खोलीत खेळते तिथे, पण थेट झोतात नाही, फॅलेनॉप्सिस सुखाने राहतं. कूलरच्या टाकीतलं पाणी मात्र झाडाला घालू नये. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. ताटीवर जो पांढरा खर साचतो तोच मुळांवर साचेल. तेच बोअरच्या जड पाण्याचं आणि आरओतून बाहेर टाकलेल्या पाण्याचं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते बादलीत धरावं. पावसाचं साठवलेलं त्याहून उत्तम.

आणि एक खास इथला धोका: गच्चीवरच्या काळ्या टाकीचं पाणी. दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. त्या पाण्यात मूळ शिजतं. उन्हाळ्यात पाणी द्यायचं ते पहाटे, किंवा बादलीत भरून घरात गार केलेलं संध्याकाळी. २५ मेला नवतपा लागला की वांडा सकाळी दहा मिनिटं बादलीत बुडवायची आणि संध्याकाळी फवारायची. फॅलेनॉप्सिसच्या गाभ्यात मात्र रात्री पाणी राहू द्यायचं नाही. जून उजाडला, पहिला पाऊस पडला आणि मुळांची टोकं पुन्हा हिरवी झाली, म्हणजे झाड नागपूरकर झालं.

मुहूर्त

तेव्हा हातगाडीवाल्याचा मुहूर्त ऑनलाइन बाजारालाही लावावा, एवढंच म्हणणं आहे. ऑगस्टपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ मागवण्यासाठी सर्वांत चांगला: वाटेत ऊन नाही, घरी आल्यावर रुळायला वेळ आहे आणि पहिला उन्हाळा यायला चार-सहा महिने आहेत. फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा चालेल. मार्चअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत कितीही सवलत असो, मागवू नये. पहिलं झाड डेन्ड्रोबियम, फुलण्याच्या वयाचं, उष्ण भागात वाढलेलं, सोमवारी निघालेलं. त्याने एक मे काढला की दुसरं घ्यावं.

आणि मेळघाटात, नवेगावला किंवा गावच्या आंब्यावर आमरी दिसली तर फोटो काढावा आणि तिला तिथेच राहू द्यावं. तिला नागपूरचा उन्हाळा सोसायला आपली मदत लागत नाही.